मशीन मिटवायचा दिवस

शिलाई मशीन उघडणं कुणालाही जमतं. स्क्रू दिसला की पिळायचा, सुटा झालेला भाग बाजूला ठेवायचा, झालं. खरा कस लागतो तो सगळं परत जोडून मशीन मिटवताना. निदान बॉबिनचे बाबा गेली तीस वर्षं हेच सांगत आले होते, आणि त्यांच्या दुकानात मशीन मिटवायचा अधिकार त्यांचा एकट्याचा होता.

बॉबिन हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती दुकानातल्या टेबलाखाली मुक्काम ठोकून असायची. घरंगळत आलेले बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची ती चिमुकली रिळं, फ्रॉकच्या खिशात भरायची आणि कुणी मागितले तरी द्यायची नाही. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे डिप्लोमा झाला, नोकरी लागली, विमानाचं तिकीट निघालं तरी सुटलं नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली. मागच्या दोन खोल्यांत घर. उजव्या भिंतीला बाबांचं दुरुस्तीचं टेबल, डाव्या भिंतीला आईचं मशीन, त्यावर ती शाळेचे गणवेश शिवायची. दुरुस्त झालेली मशीनं स्कूटरवर बांधून घरोघर पोचवायचं काम दादाकडे. बॉबिनकडे आधी हत्यारं देणं आलं, मग बॉबिन बसतं ते शटल घासणं, मग आख्खं मशीन उघडणं. बाराव्या वर्षी ती चौदा मिनिटांत मशीन उघडून मोकळी व्हायची. पण साफसूफ झाली, तेल घातलं, आता जोडायचं म्हटलं की बाबा मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘सरक.’ ती सरकायची. त्यांच्या हाताकडे बघत राहायची. चिडायची, पण मनातल्या मनात.

डिप्लोमानंतर ती एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. दिवसाला सहाशे दांडे व्हर्नियर नावाच्या मोजपट्टीनं मोजायचे, बसतात ते इकडे, न बसणारे तिकडे. तीन वर्षं मोजून मोजून तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली, की हे दांडे जो कुणी कागदावर काढतो तो आपल्यापेक्षा फार हुशार नाही. मग अर्ज, परीक्षा, शिष्यवृत्ती, आणि सव्विसाव्या वर्षी यंत्ररचना शिकायला थेट परदेश. निरोपाला कारखान्यातल्या लोकांनी तिला तिचंच व्हर्नियर बक्षीस दिलं. दुसरं काय द्यायचं ते कुणाला सुचलं नाही, असं ती हसून सांगायची.

इकडे चार महिने झाले होते. अभ्यास जमत होता. मार्गदर्शक सर खूश होते. खटकत होतं एवढंच, की चार महिन्यांत तिच्या बोटांना काळं लागलं नव्हतं. सगळी यंत्रं पडद्यावर फिरायची. तेलाचा वाससुद्धा नाही.

आणि वर्षाचा शेवटचा दिवस जवळ येत चालला होता.

वर्षअखेरची सुट्टी सगळ्या जगाला असते. पण बॉबिनच्या घरी त्या दिवसाची तऱ्हा निराळी होती. वर्षभर बाबा लोकांची मशीनं दुरुस्त करायचे आणि आईचं मशीन मात्र ‘बघू उद्या’ करत मागे पडायचं. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी आईनं जाहीर करून टाकलं होतं, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुकान लोकांना बंद आणि तिला उघडं. त्या दिवशी शटर अर्धं खाली यायचं, चटई अंथरली जायची आणि आईचं मशीन आख्खं उघडलं जायचं. आई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची आणि जगातल्या सगळ्यात कटकट्या गिऱ्हाइकासारखी वागायची. मागच्या वेळी पण तुम्ही असंच सांगितलं होतं, म्हणायची. आमच्या गल्लीत दुसरा कारागीर आहे, तो एका तासात करून देतो. बाबाही मान वर न करता म्हणायचे, बाई, उद्या या. दादा आणि बॉबिन हसून हसून चटईवर लोळायचे. दर वर्षी तेच संवाद, दर वर्षी तेवढंच हसू.

संध्याकाळी आठाच्या सुमारास बाबा शेवटचा स्क्रू पिळायचे. मग आई एक लांब पांढरी पट्टी काढायची आणि तिच्यावर त्या वर्षाची एक टीप मारायची. एका वर्षाची एक रेघ, रंग तिच्या मर्जीचा. बॉबिनच्या जन्माच्या वर्षाची रेघ वाकडी होती. ही पोटात लाथा मारत होती, मी काय करू, असं आईचं म्हणणं. रेघ मारून झाली की सगळे जेवायला बसायचे. त्याआधी नाही.

बॉबिन निघाली तेव्हा आईनं तिच्या बॅगेत एक कोरी पट्टी ठेवली होती. रेघ तिकडे मार, मशीन कुठून आणायचं ते तुझं तू बघ, असं सांगून.

मशीन खालच्या मजल्यावरच निघालं. बॉबिन ज्या घरात वरची खोली घेऊन राहायची, त्या घराची मालकीण टपाल कचेरीतून निवृत्त झालेली बाई होती. एकतीस वर्षं तिनं पत्रं वेगळी काढायचं काम केलं होतं. समोर खणांची भिंत, हातात गठ्ठा, आणि प्रत्येक पाकीट आपापल्या खणात. नोकरी सुटली, पण हात काही थांबले नाहीत. तिच्या स्वयंपाकघरात चमचे लांबीप्रमाणे लावलेले असायचे, डबे उंचीप्रमाणे, आणि कचऱ्याच्या सुद्धा चार वेगळ्या पेट्या. बॉबिननं चुकून अंड्याचं टरफल कागदाच्या पेटीत टाकलं, तर ते दुसऱ्या दिवशी योग्य पेटीत गेलेलं असायचं आणि बॉबिनला एक नजर मिळालेली असायची. बॉबिन तिला मनात टपालमावशी म्हणायची. मग एक दिवस ते तोंडातून निसटलं, अर्थ सांगावा लागला आणि बाईंना ते इतकं आवडलं की आता दुसऱ्या कशानं हाक मारली तर त्या ओ देत नसत.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कुंडीच्या खाली, एक काळं मशीन होतं. मावशींच्या थोरल्या बहिणीचं. बहीण आयुष्यभर लोकांचे पडदे शिवायची. ती गेली त्याच वर्षी मशीन अडकलं, त्याला अकरा वर्षं झाली. एका कारागिरानं वरूनच बघून भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं. मावशींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही आणि मशीनवर कुंडी ठेवून दिली.

बॉबिननं मशीन उघडू का म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नकार मिळाला. तिसऱ्यांदा तिनं घरची सगळी गोष्ट सांगितली, चटई, स्टूल, पट्टी, सगळी. मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण ज्या दिवशी उघडशील त्याच दिवशी मिटवायचं. नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी जेवायला घरची नऊ माणसं येणार आहेत, आणि ताईच्या मशीनचे तुकडे मी त्यांना दाखवणार नाही.

वर्षअखेरीच्या आदल्या दिवशी फोनवर बॉबिननं हे घरी सांगितलं. बाबांनी कुठल्या कंपनीचं आहे विचारलं. नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. अडलं तर फोन कर, म्हणाले. मागून दादाचा आवाज आला, “ती उघडेल हो मस्त. मिटवायला तुम्हालाच विमानात बसवावं लागणार.”

बॉबिननं फोन तोंडाजवळ ओढला.

“फोन करणार नाही,” ती म्हणाली. “उद्या तुमचे आठ वाजतील तेव्हा रेघ मारूनच दाखवते.”

घरचे आठ म्हणजे इकडचे दुपारचे साडेतीन.

सकाळी नऊला तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर मशीन आडवं केलं. मावशींकडून एक मोठं ताट मागून घेतलं आणि त्यात पांढरा कागद अंथरला. ही बाबांची पद्धत. ताट म्हणजे घड्याळ. पहिला निघालेला स्क्रू बारावर ठेवायचा, त्याच्या पुढचा एकावर, असं फिरत जायचं, बारा जागा भरल्या की आत दुसरा गोल. मिटवताना उलटं फिरत यायचं. कागदावर वर पेन्सिलीनं बाण काढला, म्हणजे ताट फिरलं तरी बारा कुठे ते कळावं. मग ती कामाला लागली.

अकरा वर्षांचं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं. प्रत्येक स्क्रू आधी कुरकुरायचा, मग सुटायचा. शटलच्या भोवती दोऱ्याचं एक आख्खं घरटं गुंडाळलेलं होतं, आणि त्या घरट्यात तुटलेल्या सुईचं टोक. हेच ते. या एवढ्याशा टोकानं मशीन अकरा वर्षं धरून ठेवलं होतं. बॉबिननं ते चिमट्यात धरून मावशींना दाखवलं. मावशींनी चष्मा वर केला, टोक हातात घेतलं आणि एका छोट्या डबीत ठेवलं.

पावणेअकरापर्यंत एकोणीस स्क्रू ताटात गोल बसले होते. आता नवी सुई हवी होती आणि मशीनचं तेल हवं होतं. सुट्टीमुळे दुकानं बाराला बंद होणार होती. बॉबिन कोट चढवून निघाली.

बाहेर बोचरं वारं होतं. रस्त्यावरची माणसं हातात दोन-दोन पिशव्या घेऊन घाईघाईनं घराकडे निघालेली. कोपऱ्यावरच्या खिळे-मोळ्याच्या दुकानात तेल मिळालं, पण दारांच्या बिजागऱ्यांचं. तिनं बाटली उघडून वास घेतला आणि परत ठेवली. दुकानदार बघतच राहिला. दोन गल्ल्या पलीकडे लोकरीच्या दुकानात बाई हिशेब मिटवून निघायच्या तयारीत होती. शिलाईचं आम्ही बंद केलं, म्हणाली. बॉबिन जागची हलली नाही. एखादं जुनं पाकीट राहिलं असेल, खालच्या खणात बघता का, असं तिनं इतक्या खात्रीनं विचारलं की बाई खरंच खाली वाकली. खणात सुयांची तीन पाकिटं निघाली आणि अर्धी भरलेली तेलाची बाटली. तेलाचे पैसे बाईनं घेतले नाहीत.

बॉबिन शीळ घालतच घरी आली. तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

टेबलावर ताट नव्हतं. ताटाच्या जागी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे होता. त्याच्या खळग्यांत स्क्रू होते, सगळे पुसलेले, चकाचक. या खळग्यात जाडे, त्यात बारके, पलीकडे लांब मानेचे. चपटे भाग एका बशीत, गोल भाग दुसऱ्या बशीत. स्प्रिंगांना वेगळी वाटी. मावशी टेबलाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच चांगलं काम संपवलेल्या माणसाचं समाधान होतं.

“सगळे एकत्र पडले होते,” त्या म्हणाल्या. “सात जाती निघाल्या.”

बॉबिननं पिशवी खाली ठेवली. ती खुर्चीवर बसली. कोट तसाच अंगात. क्षणभर तिला हसूही आलं, कारण यात मावशींची काय चूक? एकतीस वर्षं ज्या हातांनी पसारा दिसला की लावला, त्या हातांसमोर एकोणीस स्क्रूंचं ताट ठेवून ती खुशाल बाजारात गेली होती. घरी कुणाला सांगावं लागत नाही की ताटाला हात लावू नका. म्हणून इथेही सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काहीतरी बिनसलंय हे मावशींना लगेच कळलं. काय झालं, त्यांनी विचारलं. बॉबिननं सांगितलं. घड्याळाची गोष्ट सांगितली, बारा, एक, दोन. मावशी हळूच खाली बसल्या. माझ्या टेबलावर नसलेल्या पत्राला मी नोकरीत कधी बोट लावलं नाही, म्हणाल्या, आणि आज घरात हे करून बसले. त्यांचे हात मांडीवर गप्प पडले होते, आणि ते तसे पडलेले बॉबिननं चार महिन्यांत पहिल्यांदा पाहिले.

फोन टेबलावरच होता. बाबांना लावला असता तर त्यांनी एकेक स्क्रू कॅमेऱ्यासमोर धरायला लावून दोन तासांत मशीन मिटवून घेतलं असतं. त्यांच्या बोलण्यावर, तिच्या हातांनी. म्हणजे सरकणं तेच, फक्त लांबून. आणि दादा मागे उभा. बॉबिननं फोन उचलला आणि फडताळावर नेऊन ठेवला.

मग तिनं विचारलं, “मावशी, ताटातला कागद कुठे टाकलात?”

“कागद कुठे टाकतात?” मावशी म्हणाल्या.

कागद कागदाच्या पेटीत होता. भाजीची सालं वेगळ्या पेटीत, ओलं वेगळ्या, त्यामुळे तो कोरडा ठणठणीत राहिला होता. नीट चार घड्या घातलेला. बॉबिननं तो उलगडून खिडकीच्या काचेवर धरला, आणि तिच्या जिवात जीव आला. अकरा वर्षांचं चिकट तेल प्रत्येक स्क्रूखाली आपला डाग ठेवून गेलं होतं. बाणाखाली मोठा गोल डाग, त्याच्या पुढे छोटा, त्याच्या पुढे दोन अगदी जवळ जवळ. कागदावर आख्खं घड्याळ उमटलं होतं.

आता मावशी पुन्हा उभ्या राहिल्या. डागांवर स्क्रू ठेवायचं काम त्यांनी मागूनच घेतलं. बॉबिन व्हर्नियरनं डाग मोजायची, आकडा सांगायची, आणि मावशींचा हात तिचं वाक्य संपायच्या आत त्या खळग्यात गेलेला असायचा. कुठला आकडा कुठल्या जातीचा, हे त्यांना दोन फेऱ्यांतच पाठ झालं. एकदा त्यांनी बॉबिनला थांबवलं: हा डाग परत मोज, एवढा मोठा माझ्याकडे उरलेला नाही. बॉबिननं परत मोजला. डाग पसरलेला होता, मावशींचं बरोबर होतं. कचेरीत तुमच्या हातून पत्र कधी चुकलं का, बॉबिननं विचारलं. एकदा, मावशी म्हणाल्या, आणि ते लग्नाचं आमंत्रण होतं, आणि ते लग्न टिकलं नाही, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

एक वाजेपर्यंत सगळं कागदावर परत आलं. दोन सोडून.

ते दोन स्क्रू दिसायला जुळे भाऊ. डोकी एकसारखी, डाग एकसारखे. लांबीत मात्र एक मिलिमीटरचा फरक होता आणि लांबी कागदावर उमटत नाही. यातला एक सुईखालच्या पत्र्याचा, दुसरा शेजारच्या सरकत्या झाकणाच्या पट्टीचा. बाबांच्या दुकानातल्या मशीनांत लांब स्क्रू पत्र्याला लागायचा. बॉबिननं हे हजारदा पाहिलं होतं. लांब पत्र्याला, असं तिनं ठरवून टाकलं आणि उलट्या फेरीला सुरुवात केली.

मशीन मिटायला लागलं. शटल धुऊन परत बसलं, झाकणाची पट्टी बसली, दाते बसले. वरच्या दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या ती डोळे मिटूनही लावू शकली असती. मध्ये मावशींनी दोन बटाटे उकडून मीठ लावून तिच्या तोंडापुढे धरले, ती कामातूनच खात गेली. प्रत्येक जोडाला तेलाचा एक थेंब. हळूहळू तिच्या बोटांना तो वास लागला. आपण किती दिवस उपाशी होतो, असं तिला वाटलं, आणि ते बटाट्यांबद्दल नव्हतं.

तीन वाजता शेवटचा स्क्रू पिळला. तिनं चाकावर हात ठेवला आणि फिरवलं. अकरा वर्षांनी सुई खाली गेली, वर आली. मावशींनी तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या फेरीला आवाज आला. टक.

तिसऱ्या फेरीला पुन्हा टक. चाक भरभर फिरवलं तर टकटकटक. मशीन चालत होतं, टीपही पडली असती कदाचित. मावशींना तर हाच मशीनचा आवाज वाटला, ताई शिवायची तेव्हा असाच यायचा, म्हणाल्या. बॉबिननं मान हलवली. हा आवाज चांगला नाही. आत कुणीतरी कुणावर तरी आपटतंय. आज चालेल, महिन्याभरात काहीतरी तुटेल.

तीन वाजून पाच. बाबांना नुसता आवाज ऐकवला असता तर त्यांनी सांगितलं असतं, काय आपटतंय ते. त्यांचा कानच तसा. तिची नजर फडताळाकडे गेली. मावशींनी ती नजर पाहिली आणि फोन आणून देऊ का विचारलं. बॉबिन नको म्हणाली. मग स्वतःलाच समजावल्यासारखं बोलू लागली, की टक एका फेरीत एकदाच होतंय. म्हणजे फेरीत एकदाच वर येणारी वस्तू. सुई खाली असताना होत नाही, वर असताना होतंय. सुई वर असते तेव्हा वर कोण येतं?

तिनं एक बोट पत्र्यावर ठेवलं आणि चाक अगदी सावकाश, मुंगीच्या पावलानं फिरवलं. सुई वर आली. दाते वर आले, कापड पुढे ढकलायला येतात तसे. आणि तिथेच बोटाखाली पत्रा किंचित दचकला.

दात्यांचा दांडा. तो वर येतो आणि पत्र्यातून खाली डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकावर आपटतो. म्हणजे पत्र्याचा स्क्रू लांब झालाय.

बॉबिनला स्वतःचाच राग आला आणि लगेच गेला. चार महिने ती वर्गात हेच शिकत होती, की ज्याच्याखाली हलणारा भाग आहे तिथे रचना करणारा जास्तीचा एक मिलिमीटरसुद्धा ठेवत नाही. हे मशीन ज्यानं कागदावर काढलं त्यानं आखूड स्क्रू पत्र्याला दिला होता, कारण त्याचा दांडा तिथे होता. बाबांच्या मशीनांत तो दांडा आणखी खाली असतो. तिनं दुसऱ्याच्या घरात आपल्या घरची सवय वापरली होती. आज दुसऱ्यांदा.

दोन्ही स्क्रू काढले, अदलाबदल केली, पिळले. चाक फिरवलं.

काहीच ऐकू आलं नाही. फक्त तेलात चालणाऱ्या लोखंडाची एक मऊ सळसळ.

दोरा कुठला, तिनं विचारलं. मावशींनी बहिणीच्या खोक्यातून गडद निळं रीळ काढलं, मग परत ठेवून लाल काढलं. बॉबिननं कोरी पट्टी मशीनच्या पायाखाली सरकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. सरळ. एकही टाका वगळला गेला नाही. मावशींनी पट्टी उचलून उजेडात धरली आणि टाके मोजायला लागल्या. त्यांना थांबवण्यात अर्थ नव्हता.

फडताळावर फोन वाजला.

पडद्यावर पलीकडे सगळे दाटीवाटीनं उभे होते. शटर अर्धं खाली, चटई, चटईवर आईचं मशीन. मागून दादानं विचारलं, काय मॅडम, तिकीट काढायचं का बाबांचं? बॉबिननं मावशींच्या हातातली पट्टी घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली. आईनं कुणी मिटवलं विचारलं. मी, ती म्हणाली. आणि या मावशींनी. मावशींना भाषा कळत नव्हती, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळून त्यांनी केस सारखे केले आणि नमस्कारासारखी मान लववली. आईनंही लववली. जेवली का ही, आईनं त्यांना थेट विचारलं, आणि त्यांनी न कळताच जोरात होकार दिला.

बाबांनी फक्त हातानं खूण केली, चालवून दाखव. बॉबिननं फोन मशीनजवळ टेकवला आणि चाक भरभर फिरवलं. पलीकडे बाबांनी डोळे मिटले होते. बराच वेळ तसेच होते.

“खालचा दोरा जरा सैल आहे,” ते म्हणाले.

“हो. अर्धा फेरा पिळणार आहे.”

“पाव पुरे. जुनी स्प्रिंग आहे.”

“पाव,” ती म्हणाली.

दादा काहीतरी बोलायला गेला, पण बाबांनी हात वर केला. त्यांनी फोन दादाच्या हातातून घेतला, चटईवर बसले आणि तो आईच्या मशीनला लावून धरला. पडद्यावर नुसता काळा पत्रा दिसत होता.

“हे ऐक,” त्यांचा आवाज आला. “मिटवलंय मघाशीच. पण मला पटत नाहीये.”

बाबांनी आजवर मशीन ऐकून बॉबिनला सांगितलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं. ती फोनवर वाकली. चाकाची खरखर, मागे रस्त्यावरचा एक हॉर्न, आईच्या बांगड्या.

“परत. हळू फिरवा.”

चाक हळू फिरलं.

“सुई वर जाताना घासतंय,” ती म्हणाली. “खाली येताना नाही. सुईच्या दांडीला तेल नाहीये, बाबा.”

“तेल मी स्वतः घातलंय.”

“मग ते पोचलं नाही. पुढचा पत्रा उघडून बघा.”

पलीकडून आईनं हळूच विचारलं, म्हणजे जेवण लांबलं का? मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, आणि पडद्यावर बाबांचा हात आला, हातात स्क्रूड्रायव्हर. दादाला त्यांनी विजेरी धरायला सांगितलं.

बॉबिननं खुर्ची पुढे ओढली, मावशींना फोन घट्ट धरून ठेवायची खूण केली आणि म्हणाली, “पहिला निघाला की सांगा.”